साणं बुजवलं, आता एसी बघा
लातूरकडं घराचा प्लॅन काढायला बसलं की लोक आधी एसीचा पॉइंट विचारतात. परवा औशाच्या एका काकांना बेडरूमला पश्चिमेची 6 फुटी खिडकी हवी होती, समोरची भिंत मात्र बंद. म्हटलं, "काका, वारा आत येईल, पण जाणार कुठून?" बाहेर पडायची वाट आत यायच्या वाटेपेक्षा थोडी मोठी असली तर खिडकीपाशी झुळूक जोरात लागते.

वारा पडला की उंचीचा उपयोग. गच्चीवर जिना निघतो तिथं वर जाळी ठेवली की गरम हवा चढून निघून जाते, खालून ताजी ओढली जाते. माळवदाचं, म्हणजे जुन्या मातीच्या सपाट छताचं, साणं (उजेड-हवेसाठी छतात ठेवलेलं भोक) हेच करायचं. 1993 च्या भूकंपात त्याच जड माळवदांखाली माणसं दबली, म्हणून स्लॅब आला हे ठीकच. पण साणं बुजवायला काय कारण होतं?

मे महिन्यात दुपारी मात्र खिडक्या बंदच. बाहेर 42 अंश असताना वारा कसला, झळाच! रात्री सगळं उघडायचं, भिंती निवतात. काकूंना डासांची काळजी. जाळीनं वारा अडतो, म्हणून खिडकी तेवढी रुंद धरली.