झुआरीकाठचं आमचं ब्लास्टिंग-पेंटिंग

गोव्यात झुआरी नदीकाठच्या जहाजबांधणी यार्डांत जहाजाच्या ब्लॉकना, म्हणजे सुट्या बांधलेल्या भागांना, ब्लास्टिंग करून (ग्रिट म्हणजे कठीण कणांचा जोरात मारा करून गंज काढून) रंग द्यायचा, हा आमचा धंदा. सुरुवातीची बरीचशी कामं युरोपसाठी बांधल्या जाणाऱ्या छोट्या मालवाहू जहाजांची. निर्यातीच्या जहाजांवरचं केंद्राचं 30 टक्के अनुदान ऑगस्ट 2007 मध्ये संपलं, तरी आधीच्या ऑर्डरींवर काम चालू राहिलं. खरा फटका पुढच्या वर्षी बसला. मे 2008 मध्ये 11,793 वर गेलेला बाल्टिक ड्राय इंडेक्स, म्हणजे सुट्या मालाच्या जहाजभाड्याचा निर्देशांक, डिसेंबरात 663 वर आला. मालाला भाडंच मिळेना, तर नवं जहाज कोण ताब्यात घेणार?

जहाजाचे पैसे साधारण पाच हप्त्यांत येतात: करार, प्लेट कटिंग, कील (तळाचा कणा) बसवणं, पाण्यात सोडणं आणि ताबा. एक हप्ता अडला की यार्ड आधी स्टीलवाल्याचं देणं भागवतं. रंगवाल्याचा नंबर शेवटी लागतो. शिवाय आमचं 10 टक्के रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली रक्कम, ताब्याला बांधलेलं.

काम थांबलं तरी गंज थांबत नाही. खाडीच्या वाऱ्यात उभ्या हलवरचा (जहाजाच्या सांगाड्यावरचा) शॉप प्रायमर, म्हणजे स्टीलला आधीच दिलेला तात्पुरता पातळ रंग, झिजतो, वेल्डचे सांधे आधी लाल पडतात. काम पुन्हा सुरू करताना गोड्या पाण्याने धुवून क्षार मोजायचे. बॅलास्ट टाकीत (तोल राखायला पाणी भरतात त्या टाकीत) ते दर चौरस मीटरला 50 मिलिग्रॅमच्या आत हवेत. मग कडा 2 मिमी त्रिज्येत घासून एसए अडीच (जवळपास शुभ्र धातू दिसेल इतक्या सफाईचं) ब्लास्टिंग, कडा-सांध्यांवर ब्रशने दोन स्ट्राइप कोट आणि एकूण 320 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाडीचा इपॉक्सी रंग. जाडीची नव्वद टक्के रीडिंग 320 किंवा वर, उरलेलं एकही 288 च्या खाली नको. आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत, प्लेट दवबिंदूपेक्षा 3 अंश गरम. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात टाकीत डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावल्याशिवाय हे साधत नाही. ब्लास्ट केलेली प्लेट रात्रभर उघडी राहिली तर सकाळी तांबूस होते आणि ग्रिट, मजुरी दोन्ही पाण्यात. म्हणूनच रखडलेल्या हलवरचं दुबार ब्लास्टिंग जुन्या दरात बसत नाही, हे यार्डाला आधीच सांगावं लागतं.

2012 मध्ये गोव्यात खाणबंदी आली आणि खनिज वाहणाऱ्या बार्जच्या कामाचा आधारही गेला. आम्ही ड्रायडॉकमधल्या (जहाज पाण्याबाहेर कोरडं ठेवतात त्या गोदीतल्या) दुरुस्तीकडे वळलो. तिथे मुदत कमी, पण पैसा लवकर सुटतो.

आता नॉर्वेची छोटी मालवाहू जहाजं उडुपीत बांधली जात आहेत. निर्यातीच्या कामाचं कोटेशन देताना आमच्या अटी ठरलेल्या: बिल ब्लॉकवार, मायक्रॉनच्या नोंदीवर सर्व्हेअरची (तपासनिसाची) सही त्याच दिवशी, रंग आणि ग्रिट यार्डाचं, आणि रिटेन्शन ताब्यावर नव्हे, रंगकाम मंजूर झाल्याच्या तारखेवर.