मेलेल्या बुरशीवर चिडणाऱ्या पेशी

आयसीयूतल्या पेशंटच्या रक्तात कॅन्डिडा ही बुरशी शिरली की बुरशीनाशक सुरू होतं. बुरशी मरते, रक्ताचं कल्चर निगेटिव्ह येतं. तरीही तिच्या पेशीभित्तिकेतलं बीटा-ग्लुकन, म्हणजे साखरेच्या कणांचा लांब धागा, काही पेशंटच्या रक्तात पुढे कित्येक आठवडे सापडत राहतं. रक्तात फिरणारं हे ग्लुकन सतत घासून जातं ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला. हे अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. मेलेल्या बुरशीचे तुकडे ते मुकाट्याने पुढे जाऊ देतं की त्यांच्यावरही चिडतं, या प्रश्नाने मला लॅबमध्ये अडकवून ठेवलंय. माणसाच्या रक्तवाहिनीच्या पेशी ग्लुकन ओळखतात आणि इंटरल्युकिन-8 सोडतात, असं अमेरिकेतल्या एका गटाने 2002 मध्ये दाखवलं होतं. हे रसायन पांढऱ्या पेशींना बोलावून घेतं. नाळेतून काढलेल्या पेशींवर आम्हाला ते स्वतः करून पाहायचं होतं.

या पेशी मिळवणं हेच मोठं काम. प्रसूतिगृहातून, आईची लेखी संमती घेऊन, नाळ बर्फावर येते. तिच्यात दोन धमन्या आणि एक रुंद शीर असते. शिरेत कॅन्युला घालायची, सलाइनने रक्त धुऊन काढायचं, पेशी सुट्या करणारं कोलॅजिनेज हे एन्झाइम भरून दोन्ही टोकं क्लॅम्पने बंद करायची आणि काही मिनिटं 37 अंशांवर ठेवायचं. वेळ लांबली तर खालच्या थरातल्या नको त्या पेशीही सुटून येतात. 1973 मध्ये ही रीत प्रसिद्ध झाली आणि आजही थोड्याफार फरकाने तीच चालते. जिलेटिन लावलेल्या फ्लास्कमध्ये पेशी रुजल्या की काही दिवसांत तळ भरतो आणि मायक्रोस्कोपखाली एकमेकींना खेटलेली फरसबंदी दिसते. कुणा अनोळखी बाईने बाळंतपणाच्या दिवशी हे आपल्याला देऊ केलंय, हे माझ्या मनातून कधी जात नाही. यातला एक थेंबही वाया घालवायला जीव होत नाही.

त्या दिवशी सकाळी, रात्रभर ग्लुकनमध्ये ठेवलेल्या पेशी पाहिल्या. वरून सोडलेले मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) धुऊनही निघाले नव्हते. सपाट थरावर गोल, चमकदार ठिपके घट्ट चिकटून बसले होते. ग्लुकन न दिलेल्या थरावर एखाददुसराच. दुपारी इंटरल्युकिन-8 मोजायला एलायझाची प्लेट लावली. त्यात रंग जितका गडद तितकं ते जास्त. आधी निळा रंग, मग ॲसिड टाकल्यावर पिवळा. ग्लुकनची रांग गडद पिवळी, साध्या मीडियमची जवळजवळ पाण्यासारखी.

मॅडमनी प्लेट उजेडात धरली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "एंडोटॉक्सिन बघितलंस का गं?"

प्रश्न रास्त होता. जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातलं हे विष ऑटोक्लेव्हच्या दाबाखालच्या वाफेलाही सहजासहजी दाद देत नाही. नॅनोग्रॅमच्या मापात असलं तरी या पेशी खवळतात, आणि ग्लुकनच्या पावडरीबरोबर ते न कळत येऊ शकतं. म्हणून प्लेट लावतानाच काही वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या खळग्यांमध्ये, पॉलिमिक्सिन-बी घातलं होतं. ते एंडोटॉक्सिनला धरून निकामी करतं. मुद्दाम एंडोटॉक्सिन दिलेल्या वेलचा रंग त्याने पार उतरला होता, ग्लुकनच्या वेलचा मात्र तसाच राहिला होता. म्हणजे ग्लुकन स्वच्छ असायला हवं होतं.

खातरजमा म्हणून एंडोटॉक्सिन शोधणारी लॅल टेस्ट केली. हॉर्सशू क्रॅब या सागरी प्राण्याच्या रक्तपेशींचा अर्क, त्यात आपला नमुना, तासभर 37 अंशांवर. मग नळी हळूच उलटी करायची. द्रव ओघळला तर नमुना स्वच्छ. मी नळी उलटी केली आणि जेल तळाला तसंच चिकटून राहिलं. पॉझिटिव्ह! एक चाचणी म्हणते एंडोटॉक्सिन नाही, दुसरी म्हणते आहे. "भरपूर असेल ताई, पॉलिमिक्सिन कमी पडलं असेल," ज्युनियर म्हणाली. तिचं म्हणणं खोडायला माझ्याकडे तेव्हा काही नव्हतं. तिने नोंदवहीत त्या बॅचवर काट मारायला पेन उचललंही.

किटचं माहितीपत्रक बारीक अक्षरांत असतं आणि सहसा कुणी वाचत नाही. त्यात उत्तर होतं. हॉर्सशू क्रॅबच्या रक्तात गोठण्याच्या दोन वाटा आहेत. फॅक्टर-सी एंडोटॉक्सिनने जागा होतो, आणि फॅक्टर-जी बीटा-ग्लुकनने. ही दुसरी वाट जपानी संशोधकांनी 1981 मध्ये दाखवली. आमचं जेल जमलं होतं ते खुद्द ग्लुकनमुळे!

फॅक्टर-जीची वाट अडवणारं बफर फ्रिजमध्ये होतं. ते घालून पुन्हा टेस्ट लावली, शेजारी एंडोटॉक्सिन मिसळलेली नळीही ठेवली. तासाभराने त्या शेजारच्या नळीत जेल घट्ट जमलं, आणि आमच्या नमुन्याचा द्रव सरळ खाली ओघळला. ज्युनियरने दोन्ही नळ्या माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा उलट्या करून पाहिल्या.

मला भरून आलं ते यासाठी की या प्राण्याचे पूर्वज 40 कोटींहून जास्त वर्षांपूर्वी समुद्रात होते. त्याच्याकडे आपल्यासारख्या अँटिबॉडी नाहीत. तरी बुरशीच्या भिंतीतला जो धागा त्याचं निळं रक्त ओळखतं, त्याच धाग्यावर नाळेतली शीर चिडते. रुग्णालयातली ग्लुकनची तपासणीसुद्धा याच फॅक्टर-जीवर चालते. म्युकरच्या, म्हणजे 'काळ्या बुरशी'च्या, भिंतीत हे ग्लुकन फार थोडं असतं, म्हणून 2021 च्या म्युकरच्या लाटेत या तपासणीच्या निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबणं धोक्याचं होतं. आणि बुरशीमुळे दाह होतो असा दावा एंडोटॉक्सिनचा हिशेब न देता कुणी केला, तर मी तो मानत नाही.

मॅडमनी नोंदवही वाचली, सही केली आणि म्हणाल्या, "छान. आता हेच तीन वेगळ्या नाळांवर दाखव."

दाखवलं. दोन नाळांच्या पेशी तशाच चिडल्या. तिसरीच्या फार कमी. पॅसेज (पेशी किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या ते) तोच, मीडियम तेच, ग्लुकनही त्याच बाटलीतलं. त्या पेशींवर ग्लुकन ओळखणारे रिसेप्टरच कमी आहेत का, हे सध्या तपासतेय.