तांब्याचा मणी

रात्री सव्वाआठला आबांचा फोन आला. "मिस्त्री, झेटर पेटला," एवढं बोलले आणि पुढं त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मागं माणसांचा गलका चालला होता, कुणीतरी "माती टाका, माती" म्हणून ओरडत होतं. माणसं बरी आहेत का, हे मी आधी विचारलं. धाकट्या मुलाच्या हाताला चटका बसला होता, बाकी सगळे सुखरूप. मग मी एकच गोष्ट तीनदा बजावून सांगितली. "आग विझली की कुणी तो ओढून चालू करायला जाऊ नका. इंजिन बोटभरसुद्धा फिरवू नका. मी सकाळी येतो."

फोन ठेवला आणि ताटातला घास घशाखाली उतरेना. त्या झेटर ट्रॅक्टरची वायरिंग दिवाळीनंतर मीच नवीन केली होती.

नेवासा तालुक्यात माझं गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली. आमचा सगळा उसाचा पट्टा. जळालेले ट्रॅक्टर याआधीही माझ्याकडं आलेत. तुटलेल्या उसाचं पाचट रानात पडलेलं असतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये ते कागदासारखं वाळतं, इंजिनाखाली, सायलेन्सरच्या आजूबाजूला अडकून बसतं. वर ऑइलनं माखलेली धूळ. एक ठिणगी पुरते. पण त्या रात्री पाचटाचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मी अंथरुणात पडून एकेक वायर आठवत होतो. कुठली कुठून नेली, जोड कुठं दिला, कुठं टेप मारली.

सकाळी साडेसहाला वस्तीवर पोहोचलो. खोडव्याच्या, म्हणजे तोडलेल्या उसाला पुन्हा फुटलेल्या पिकाच्या, सऱ्यांच्या बगला फोडायचं काम चालू होतं, आठ-दहा सऱ्या काळ्याभोर झाल्या होत्या आणि मधोमध तो उभा होता. पुढचं एक टायर जळून नुसता तारांचा गुंता उरलेला. स्टिअरिंगचं चाक वितळून लोखंडी कडं राहिलेलं. आणि माझ्या पोटात गोळा आला तो वेगळ्याच गोष्टीनं. शेजारच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर पुढं उभा होता आणि साखळी बांधून तयार होती. गावातलं एक जाणतं माणूस सांगत होतं, "दोन नंबर गियरमध्ये टाकून ओढला की इंजिन जिवंत आहे का मेलंय ते लगेच कळंल."

मी गाडी स्टँडला न लावताच तशीच आडवी केली आणि आधी साखळी सोडली.

आग विझवताना पाइपानं पाणी मारलं होतं. झेटरचा सायलेन्सर वर आकाशाकडं तोंड करून असतो, त्यातून पाणी इंजिनात शिरलं असेल अशी मला भीती होती. मी डिझेल फवारणारे दोन्ही नोझल काढले, पुढच्या पुलीच्या नटाला मोठा पाना लावला आणि सावकाश, अगदी सावकाश फिरवायला लागलो. एका सिलिंडरमधून फुस्स करून हवा आली. दुसऱ्यातून काळ्या पाण्याची धार उडाली ती थेट माझ्या छातीवर. सगळे गप्प झाले. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तसाच ओढला असता तर पिस्टन त्या पाण्यावर आपटून कनेक्टिंग रॉड वाकला असता, कदाचित ब्लॉक फोडून बाहेर आला असता. आगीनं जे केलं नाही ते त्या साखळीनं दोन मिनिटांत केलं असतं. पाणी काढून दोन्ही सिलिंडरमध्ये ऑइल सोडलं, पुन्हा फिरवलं. इंजिन जाम नव्हतं. आबांनी बांधावर बसून घेतलं.

मग मी वाचायला लागलो. जळालेलं मशीन लगेच धुवायचं नसतं, फडकंसुद्धा मारायचं नसतं. कुठं किती ताव बसला ते सगळं त्याच्यावर लिहिलेलं असतं. रेडिएटरचं डाग, म्हणजे सांधे जोडणारं झाळण, वितळून खाली थेंब पडले होते. कथील-शिशाचं डाग अडीचशे डिग्रीच्या आत-बाहेर सुटतं, त्याला काही फार लागत नाही. पण डिझेल फिल्टरचं ॲल्युमिनियमचं डोकं अर्धं ओघळून मेणबत्तीसारखं गोठलं होतं. म्हणजे तिथं सहाशेच्या घरात आग होती. तिथून हातभर अंतरावर टॅपेट कव्हरचा रंग नुसता पिवळा पडला होता, फुगलासुद्धा नव्हता. त्याखालच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगांचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं नसणार, हे मला तिथंच कळलं. घासलेलं पोलाद तीनशे डिग्रीला निळं पडतं. कव्हर उघडून पाहिलं, कुठं निळी झाक नव्हती. स्प्रिंगा ऑइलात चमकत होत्या.

डिझेलच्या टाकीवर तर सरळ आखल्यासारखी रेघ होती. रेघेच्या वरचा रंग जळून राख, खालचा रंग जसाच्या तसा. आतल्या डिझेलनं ताव ओढून घेतला होता, त्यामुळं डिझेल जिथवर होतं तिथवर पत्रा तापलाच नाही. संध्याकाळीच टाकी भरली होती, असं धाकटा म्हणाला. लोकांना वाटतं भरलेली टाकी जास्त धोक्याची. रिकाम्या टाकीतली वाफ जास्त वाईट.

धाकट्याला मी बांधावर बसवलं आणि विचारलं, आधी काय झालं ते सांग, आगीच्याही आधी. त्यानं डोळे मिटून आठवलं. अंधार पडला म्हणून लाइट लावले होते. कडेला वळण घेताना लाइट एकदम मंद झाले, पार लालसर. त्याला वाटलं बॅटरी गेली. मग रबर जळाल्याचा वास आला. मग धूर. मग जाळ.

हे ऐकलं आणि मला समजलं. पाचट आधी पेटलं असतं तर आधी जाळ दिसला असता आणि लाइट नंतर गेले असते. लाइट आधी मंद झाले. म्हणजे बॅटरीचा सगळा करंट दुसरीकडं कुठंतरी ओढला जात होता.

गुडघ्यावर बसून मी बॅटरीपासून सेल्फकडं, म्हणजे इंजिन चालू करणाऱ्या मोटरकडं, जाणारी जाडी केबल बोटांनी चाचपत गेलो. वरचं रबर जळून गेलेलं, तांबं उघडं. आगीत नुसतं भाजलेलं तांबं मऊ पडतं, काळं-लाल होतं, पण त्याच्या तारा सुट्या राहतात. एका जागी तारा सुट्या नव्हत्या. सात-आठ तारा वितळून एकमेकींत मिसळल्या होत्या आणि टोकाला वाटाण्याएवढा गोल, गुळगुळीत मणी झाला होता. समोर ब्रॅकेटची कड होती. कडेला नखाएवढी खाच पडली होती आणि त्या काळ्या लोखंडावर तांब्याचा लालसर डाग. मणी त्या खाचेवर टेकवून पाहिला. बरोबर बसला.

ती केबल त्या कडेपर्यंत पोहोचायलाच नको होती. तिथं रबर लावलेली लोखंडी पट्टी असते, ती केबलला वर धरून ठेवते. दिवाळीनंतर वायरिंग केली तेव्हा जुनी पट्टी तुटलेली निघाली. दुकान बंद होतं, आबांना दुसऱ्या दिवशी सकाळी नांगरट होती. मी प्लास्टिकचा टाय ओढून बांधला आणि म्हणालो, आठवड्यात पट्टी आणून लावतो. आठवडा गेला, महिना गेला. पलीकडं इंजिनचा ताव, त्यानं टाय वाळून कडक झाला असणार आणि तुटला. केबल खाली लोंबली, कडेवर घासत राहिली, रबर झिजलं. आणि सेल्फच्या केबलला फ्यूज नसतो. बाकीच्या सगळ्या वायरींना मी फ्यूज टाकले होते, हिला टाकत नाहीत, कारण सेल्फ मारताना तिच्यातून शेकड्यांनी अँपिअर जातात. बॉडीला टेकली की बॅटरी संपेपर्यंत किंवा केबल तुटेपर्यंत ती पेटत राहते.

मणी खिशात टाकून गप्प बसता आलं असतं. आजूबाजूला सगळे पाचट, पाचट म्हणतच होते. मी आबांकडं गेलो, मणी त्यांच्या तळहातावर ठेवला आणि जे झालं ते सांगितलं. पट्टीचं सांगितलं, टायचं सांगितलं. मजुरी घेणार नाही, वायरिंग, रेडिएटर आणि फिल्टर माझ्या अंगावर, हेही सांगितलं.

आबा बराच वेळ त्या मण्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ती पट्टी कितीला येते?"

"वीस-पंचवीस रुपयांना."

"मग आता दोन लावा."

एवढंच. पुन्हा त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत. थोरला मात्र चिडला होता आणि त्याचं चिडणं रास्त होतं. भंगारात घाला म्हणत होता. हा ट्रॅक्टर आबांच्या वडिलांनी घेतलेला, एचएमटीचा २५११, दोन सिलिंडर, २५ हॉर्सपॉवर. घड्याळामुळं घराघरात नाव पोहोचलेल्या एचएमटीनं चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरशी करार करून १९७१ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला हे ट्रॅक्टर बांधायला घेतले. २०१६ ला केंद्र सरकारनं तो कारखाना बंद करायला मंजुरी दिली. म्हणजे आता शोरूममध्ये जाऊन पार्ट मागायची सोय राहिलेली नाही. जे मिळतं ते लुधियानाकडून येणारं किंवा कुणाच्या तरी गोठ्यामागं उभ्या असलेल्या जुन्या ट्रॅक्टरच्या खोक्यातून काढलेलं. थोरल्याचा हिशोब चुकीचा नव्हता. पण आबांनी त्याला विचारलं, "आग कशानं लागली ते मिस्त्री सांगतोय, इंजिन मेलंय असं सांगतोय का?" मी म्हणालो, नाही. इंजिन मेलेलं नाही.

ट्रॉलीवर घालून गॅरेजला आणला. पुढचे एकोणीस दिवस सगळे सांगत बसत नाही. ऑइल काढलं तर खाली पाणी निघालं आणि वरचं दुधी झालेलं, ते दोनदा धुऊन काढलं. पुढच्या बाजूचं ऑइल सील नखानं दाबलं तर बिस्किटासारखं तुटलं. मागचं मऊ होतं, तरी बदललं. वॉटर पंपाचं सील, होस पाइप, फॅन बेल्ट, सगळं नवीन. फ्यूएल पंप खोलण्याची माझी हिंमत नव्हती, तो नगरला पंपवाल्याकडं पाठवला. आतले प्लंजर चांगले निघाले, रबरी रिंगा गेल्या होत्या. नोझलही त्यांच्याकडूनच दाब लावून तपासून आणले. रेडिएटरची जाळी एका जुन्या खोक्यातून मिळाली, ती डाग देऊन बसवली.

खरी धास्ती होती ती तड्यांची. तापलेल्या बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर, गार पाणी पडलं की बीड तडकतं, आणि तडा डोळ्याला दिसत नाही. हेड काढले, घासून स्वच्छ केले, रॉकेल चोपडलं, अर्धा तास ठेवलं, कोरडे पुसले आणि वर खडूची पूड मारली. तड्यात शिरलेलं रॉकेल खडूवर ओली काळी रेघ बनून बाहेर येतं. माझा हेल्पर पोरगा आणि मी श्वास रोखून बघत होतो. दोन्ही हेड कोरडे राहिले. ब्लॉकची बाजू कोरडी राहिली. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या नळीवर, मात्र रेघ उमटली, टिकलीएवढ्या ठिपक्यापासून सुरू झाली आणि बोटभर लांब गेली.

मॅनिफोल्ड दुसरं कुठंच मिळेना. शेवटी आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या वेल्डरकडं नेलं. त्यांनी तड्याच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोकं पाडली, म्हणजे तडा पुढं पळत नाही. मग सगळं मॅनिफोल्ड कोळशावर तापवलं, बिडाचा निकेल रॉड घेतला आणि इंचभर मारायचं, थांबायचं, हातोडीनं हलकं ठोकायचं, पुन्हा इंचभर. घाई नाही. पूर्ण झाल्यावर ते राखेच्या ढिगात पुरून ठेवलं आणि मला म्हणाले, "उद्या ये. आज हात लावलास तर मी पुन्हा जोडणार नाही." दुसऱ्या दिवशी काढलं तेव्हाही ते कोमट होतं. खडू मारून बघितलं. कोरडं.

विसाव्या दिवशी आबा आले. डिझेलची हवा काढली. सेल्फ मारला. पहिल्यांदा नुसता फिरला. दुसऱ्यांदा पांढरा धूर आला, एक सिलिंडर धरला, अडखळला. मग दुसऱ्यानंही धरलं आणि तो झेटरचा ठसठशीत, मोजून घ्यावा असा ठोका सुरू झाला. ऑइल प्रेशरचा काटा वर आला. आबांनी बॉनेटच्या उघड्या पत्र्यावर हात ठेवला आणि तापेपर्यंत काढला नाही. रंग अजून द्यायचा होता, ते म्हणाले राहू दे.

केबलला दोन पट्ट्या लावल्यात, रबर घालून. बॅटरीजवळ कट-ऑफ स्विच बसवलाय, त्याची मूठ सीटवरून हात लांब केला की येते. धाकट्याला तो तीनदा बंद-चालू करायला लावला.

त्या हंगामात मी वायरिंग केलेले आणखी सात ट्रॅक्टर होते. दुसऱ्या दिवसापासून गॅरेज बंद ठेवून एकेकाच्या वस्तीवर गेलो. पहिल्या तिघांच्या पट्ट्या जागेवर होत्या. चौथा उसाच्या फडात उभा होता, ट्रॉलीला जुंपलेला. बॉनेट उचललं, केबलवरचा टाय दोन बोटांत धरून जरासा दाबला. तो कडकन तुटला.