मोल्सवर्थ मूळचे कुठले? एका इंग्रजी आडनावाच्या मागावर

मी मराठी-इंग्रजी अनुवादाचं काम करते. या कामात मोल्सवर्थ उघडल्याशिवाय दिवस जात नाही. 'मोल्सवर्थमध्ये बघितलंस का?' हा प्रश्न आमच्यात इतका रुळलाय की हे मुळात एका माणसाचं आडनाव आहे, हेच विसरायला होतं. जेम्स टॉमस मोल्सवर्थ, जन्म १७९५, मृत्यू १८७१. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी म्हणून मुंबई इलाख्यात आलेला हा माणूस. शास्त्रीमंडळी आणि जॉर्ज व टॉमस कँडी यांना हाताशी धरून त्याने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. पहिली आवृत्ती १८३१ची, वाढवलेली दुसरी १८५७ची. पुण्यात १९७५ साली तिचं पुनर्मुद्रण झालं आणि आज शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात ती घरबसल्या वापरता येते. ज्याच्या कोशावर माझं पोट चालतं त्याच्याबद्दल मला नुसती उत्सुकता नाही, मनापासून आदर आहे.

लग्नानंतर मी इंग्लंडमध्ये पीटरबरोला आले. हंटिंग्डनच्या पश्चिमेला ए-१४ महामार्गावरून जाताना एके दिवशी 'मोल्सवर्थ' अशी गावाची पाटी दिसली. इथल्या लोकांना हे नाव माहीत आहे ते तिथल्या हवाई तळामुळे. १९८०च्या दशकात त्या तळावर अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रं आणायची होती, शांततावाद्यांनी तिथे तळ ठोकला आणि फेब्रुवारी १९८५मध्ये रातोरात सैन्य आणून त्यांना हटवलं गेलं. मला मात्र पाटी पाहून कोशच आठवला. हे आडनाव या गावावरून आलं का, आणि आलं असेल तर गावातून कुठे कुठे गेलं, हे शोधायचं मी तेव्हा ठरवलं.

गाव लहान आहे. जमीन-मालमत्तेच्या १०८६च्या डूम्सडे नोंदवहीत त्याचं नाव आहे. अर्थ असा लावतात : मूल नावाच्या कुणा अँग्लो-सॅक्सन माणसाची कुंपण घातलेली वस्ती. सेंट पीटरच्या चर्चमध्ये भिंतींवर सेंट ख्रिस्तोफर आणि सेंट अँथनी यांची मध्ययुगीन चित्रं आहेत, ती पाहण्यासाठी तरी तिथे जावं. आडनाव शोधायला मात्र थेट गावात जाऊन उपयोग नसतो. गावावरून पडलेलं आडनाव गाव सोडलेल्याला लागतं. आपल्या सातारकर, नगरकरांसारखंच हे. साताऱ्यातच राहणाऱ्याला त्याचे शेजारी सातारकर कशाला म्हणतील? तो दुसरीकडे बिऱ्हाड करतो तेव्हा त्याला ते नाव चिकटतं. म्हणून मी शोध गावाभोवतीच्या परगण्यांत सुरू केला, आणि पहिलं ठळक नाव मिळालं ते शेजारच्या बेडफर्डशायरमध्ये. पहिल्या एडवर्ड राजाच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीस, वॉल्टर द मोल्सवर्थ हा बेडफर्डशायर आणि बकिंगहॅमशायरचा शेरीफ, म्हणजे राजाचा तिथला अधिकारी होता. नावातला तो 'द' म्हणजे 'अमुक गावचा'.

इथवर सोपं होतं. खरी गुंतागुंत स्पेलिंगची. जुन्या नोंदींत एकच आडनाव मोल्सवर्थ, मौल्सवर्थ, मोल्ड्सवर्थ असं कसंही येतं, कारण लिहिणारा पाद्री किंवा कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहायचा. शोधाच्या चौकटीत मधल्या अक्षरांच्या जागी तारका टाकून सगळी रूपं एकदम काढावी लागतात. तशी काढली आणि वायव्येकडच्या, चेशायर-लँकेशायरच्या नोंदी समोर यायला लागल्या. चेशायरमध्ये चेस्टरजवळ मोल्ड्सवर्थ नावाचं दुसरंच एक गाव आहे. त्याचा हंटिंग्डनशायरच्या मोल्सवर्थशी काहीएक संबंध नाही. नावाची घडणही वेगळी. पण त्या गावाबाहेर पडलेल्या माणसाचं आडनाव दोनतीन पिढ्यांत घासून मोल्सवर्थ व्हायला वेळ लागत नाही. म्हणजे आज एकसारखं दिसणारं आडनाव दोन निराळ्या गावांतून आलेलं असू शकतं. दुर्मीळ आडनाव म्हणजे एकच मूळ घराणं, असं गृहीत धरणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा.

त्यानंतर मी फ्रीबीएमडीकडे वळले. इंग्लंड-वेल्समध्ये १ जुलै १८३७पासून जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली. त्या सूच्या स्वयंसेवकांनी टंकून या संकेतस्थळावर फुकट उपलब्ध केल्या आहेत. एका नोंदीत मिळतं ते इतकंच : नाव, वर्षाची तिमाही, नोंदणी जिल्हा, खंड आणि पान. त्यातला खंडाचा आकडा हळूहळू माझा आवडता झाला. १८५२पासून हे खंड भागांनुसार ठरलेले आहेत. ३बी दिसलं की हंटिंग्डनशायर, बेडफर्डशायर, नॉर्थॅम्प्टनशायर हा पट्टा. ५सीमध्ये कॉर्नवॉल, ८एमध्ये चेशायर, ८ईमध्ये रॉचडेल. मी वहीत नावं न लिहिता आधी नुसते हे खंड मांडत गेले. कोणत्या दशकात कोणत्या खंडाखाली रेघा वाढतात ते बघायचं. असं करताना घराण्यांच्या गोष्टी मनात शिरत नाहीत आणि भूगोल स्वच्छ दिसतो. त्यानंतर सरकारी नोंदणी कार्यालयाची स्वतःची सूची उघडावी, कारण तिच्यात जन्माच्या नोंदीबरोबर आईचं माहेरचं आडनाव १८३७पासून दिलेलं आहे. एकाच जिल्ह्यातली दोन कुटुंबं वेगळी करायला त्याच्याइतकं उपयोगी काही नाही.

मग खानेसुमारी. इंग्लंडची खानेसुमारी दर दहा वर्षांनी होते आणि नावानिशी नोंदी जपलेली पहिली देशव्यापी खानेसुमारी १८४१ची. तीत जन्मगाव नाही, 'याच परगण्यात जन्म : हो किंवा नाही' एवढंच आहे, शिवाय प्रौढांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली. १८५१पासून जन्माचं गाव लिहायला लागले. आडनावांचे नकाशे बनवणारे सगळे १८८१ धरतात, कारण ती खानेसुमारी स्वयंसेवकांनी संपूर्ण उतरवून काढली आहे आणि फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर तिला पैसे पडत नाहीत. १८८१ धरण्याला आणखी एक कारण आहे : गाड्या-मोटारींनी माणसं देशभर विखुरण्याआधीचा तो काळ.

पण नकाशावरचा ठिपका म्हणजे मूळ घर नव्हे. याचं उत्तम उदाहरण रॉचडेल. लँकेशायरमधलं हे कापडगिरण्यांचं गाव. १८४४ साली इथल्या कामगारांनी काढलेल्या दुकानातून सहकारी चळवळ उभी राहिली, म्हणून आपल्याकडच्या सहकारातल्या लोकांनाही हे नाव ठाऊक असतं. एकोणिसाव्या शतकात इथे मोल्सवर्थ सापडतात आणि चेशायर तर शेजारीच. साहजिकच वाटतं, ही मोल्ड्सवर्थची मंडळी असणार. जन्मगावाचा रकाना पाहिला की चित्र फिरतं. जॉन एडवर्ड नासाउ मोल्सवर्थ १८३९ ते १८७७ रॉचडेलचे व्हिकर, म्हणजे तिथल्या चर्चचे मुख्य पाद्री होते, पण ते नोकरीनिमित्त दक्षिणेकडून आलेले. चर्चच्या करावरून राजकारणी जॉन ब्राइटशी त्यांनी घातलेला वाद गाजला होता. त्यांचा एक मुलगा विल्यम हा इतिहासकार आणि सहकारी चळवळीचा पाठीराखा. दुसरा मुलगा गिलफर्ड लिंडसे (१८२८–१९२५), ज्याचा जन्म हॅम्पशायरचा. तो इंजिनिअर झाला, सिलोनच्या रेल्वेवर काम करून पुढे हिंदुस्थान सरकारचा रेल्वेविषयक सल्लागार इंजिनिअर झाला. इंजिनिअरिंगच्या सूत्रांचं त्याचं खिशात मावणारं पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वापरात होतं. नकाशावर या कुटुंबाचे ठिपके लँकेशायरमध्ये पडतात, पण ते सगळं आयरिश व्हायकाउंटांच्या, म्हणजे तशी उमरावी पदवी असलेल्या मोल्सवर्थांच्या घराण्यातलं. चेशायरच्या गावाशी त्यांचं नातं नाही.

या व्हायकाउंटांनी तर शोधात फारच धूळ उडवून ठेवली आहे. पैसे भरून वापरायच्या एका संकेतस्थळावर मी वंशावळ्या पाहिल्या. तिथे जवळजवळ प्रत्येक मोल्सवर्थ ओढूनताणून याच घराण्याला जोडलेला. मजूर, विणकर, शेतगडी, सगळे एकदम उमराव. पुरावा म्हणून एकमेकांच्याच वंशावळ्या लावलेल्या. यावर माझा सरळ सल्ला : मूळ नोंदीचं छायाचित्र जोडलेलं नसेल तर तो दुवा सोडून द्यावा, कितीही मोह झाला तरी.

उमराव घराण्याची हकीगत मात्र स्वतंत्रपणे वाचण्यासारखी आहे, आणि ती माझ्या घराजवळून जाते. पीटरबरोच्या उत्तरेला हेल्पस्टन गाव आहे, कवी जॉन क्लेअरचं. सरदार घराण्यांच्या जुन्या ग्रंथांत मोल्सवर्थांच्या दोन्ही मोठ्या शाखा हेल्पस्टनच्या जमीनदारांपासून सांगितल्या आहेत. एक शाखा पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात कॉर्नवॉलला गेली आणि बॉडमिनजवळ पेनकॅरो इथे स्थायिक झाली. १६८९ साली त्यांना बॅरोनेटपद, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा 'सर' किताब मिळाला ते हेंडर मोल्सवर्थमुळे. हा जमेकाचा गव्हर्नर, आणि त्याआधी गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तिथला हस्तक. ही गोष्ट घराण्याच्या गौरवगाथांत दबकत येते, ती ठळक लिहायला हवी. याच पेनकॅरोचे सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०–१८५५) यांनी तत्त्वज्ञ हॉब्जचं समग्र लेखन संपादित केलं आणि मृत्यूच्या वर्षी ते वसाहतमंत्री झाले होते. दुसरी शाखा डब्लिनला गेली. तिथल्या व्यापाऱ्याचा मुलगा रॉबर्ट बाप वारल्यानंतर १६५६मध्ये जन्मला, डेन्मार्कला इंग्लंडचा राजदूत म्हणून राहिला, १६९४ साली त्या देशाच्या राज्यकारभारावर त्याने पुस्तक लिहिलं आणि १७१६मध्ये पहिला व्हायकाउंट झाला.

यातून आडनावाचा एक दुसराच भूगोल तयार झाला, रस्त्यांचा. डब्लिनमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीट आहे आणि तो जिथे संपतो तिथे समोर लेन्स्टर हाउस, आयर्लंडची संसद. न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्येही मोल्सवर्थ स्ट्रीट आहे, सर विल्यम यांच्या नावाचा, कारण ते न्यूझीलंड कंपनीचे एक संचालक होते. त्याच रस्त्यावर न्यूझीलंडची संसद. दोन देशांच्या संसदा मोल्सवर्थ स्ट्रीटला लागून! हे लक्षात आलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून नकाशे दाखवले. न्यूझीलंडच्या मार्लबरो भागात मोल्सवर्थ नावाचं देशातलं सर्वांत मोठं पशुपालन केंद्रही आहे, सुमारे १,८०,००० हेक्टरचं. पण रस्त्याला नाव पडायला तिथे कुणी राहावं लागत नाही. नावांच्या शोधयंत्रात असे रस्ते, गावं आणि कुरणं माणसांत मिसळून येतात. ती वेगळी काढून ठेवण्यात माझा बराच वेळ गेला.

हंटिंग्डनच्या ग्रंथालयात हंटिंग्डनशायरचं अभिलेखागार आहे. नोंदवही फोमच्या उतरत्या पाचरींवर ठेवून देतात, पान दबून राहावं म्हणून शिसं भरलेली मऊ माळ, आणि लिहायला फक्त पेन्सिल. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद ठेवायची सक्ती १५३८ची. सोळाव्या-सतराव्या शतकातलं अक्षर पाहून आधी हातपायच गळतात, पण मी मोडी शिकले आहे, त्यामुळे न लागणाऱ्या ओळीसमोर चिकाटीने बसायची सवय होती. एक गोष्ट आधीच कुणीतरी सांगायला हवी : १७५२पर्यंत इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. फेब्रुवारी १६५० अशी नोंद असेल तर ती आपल्या हिशेबाने १६५१ची.

मुंबई इलाख्यापुरता शोध लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत होतो. इलाख्यातल्या चर्चमधल्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. इंडिया ऑफिसच्या दफ्तरात त्यांची 'एन/३' ही मालिका आहे, १७०९पासूनची. बंगालची एन/१, मद्रासची एन/२. त्या पानांवर पुणे, खडकी, अहमदनगर, मालेगाव, दापोली यांची नावं कारकुनाच्या कानाने लिहिलेली दिसतात : पूना, कर्की, अहमदनग्गर. परक्या आडनावाच्या मागे लागून मी तिथे गेले आणि आपल्या गावांच्या नावांपाशीच रेंगाळले. एन्साइन, लेफ्टनंट, त्यांच्या बायका, आणि फार मोठ्या संख्येने तान्ही मुलं. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांची दफनपानं वाचवत नाहीत.

आता डीएनएबद्दल, कारण सगळे तेच विचारतात. लेस्टर विद्यापीठाच्या २००९च्या अभ्यासात ४० ब्रिटिश आडनावांचे पुरुष तपासले होते. स्मिथसारख्या आडनावात बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय-गुणसूत्रांचा काही मेळ नाही, पण दुर्मीळ आडनावांत बरेच जण एकाच पूर्वजाकडे जातात. अ‍ॅटनबरो आडनावात तर बहुसंख्य पुरुषांचं वाय-गुणसूत्र एकाच गटातलं निघालं. मोल्सवर्थांची अशी तपासणी झाली तर हंटिंग्डनशायर आणि चेशायर हे दोन पुंजके वेगळे पडतात का, हे लगेच कळेल. पण ते करायचं की नाही हे ते आडनाव लावणाऱ्यांनी ठरवायचं. मी बाहेरची, मी कागदांवरच काम करणार.

एकेका आडनावाचा असा पाठपुरावा करणाऱ्यांची इथे 'गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज' नावाची संस्था आहे, १९७९पासून. आडनाव स्वतःचंच असलं पाहिजे अशी अट नाही. नाव नोंदवणाऱ्याने मात्र जगभरातल्या सगळ्या नोंदी गोळा करायच्या आणि विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं, ही जबाबदारी घ्यावी लागते. माझी अजून तेवढी तयारी नाही. आधी चेशायरचा प्रश्न सोडवायचा आहे. १६६२ ते १६८९ या काळात इंग्लंडमध्ये दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर होता आणि त्याच्या गावनिहाय याद्या उरल्या आहेत. मोल्ड्सवर्थच्या आजूबाजूच्या गावांत हे आडनाव त्या याद्यांमध्ये कोणकोणत्या स्पेलिंगने येतं ते आधी पाहायचं, मग तिथून पॅरिशच्या, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या नोंदवह्या धरून १८३७पर्यंत पुढे यायचं, आणि ८ए खंडाखालच्या माझ्या वहीतल्या रेघांशी ते जुळतं का ते तपासायचं.