सर्किट जज, सर्किट बेंच आणि सोलापूरचा वकील

यंदा जानेवारीत गड्डा यात्रेच्या निमित्ताने माझी भाची ओहायोहून सोलापूरला आली आणि नंदीध्वजांची मिरवणूक डोळे भरून पाहून झाल्यावर उरलेले चार दिवस तिने माझ्या ऑफिसात जुन्या फायली वाचण्यात घालवले. तिचा जन्म तिकडचाच, शिक्षणही तिकडचेच, आणि कायद्याची पदवी मिळाल्यावर तिने एक वर्ष तेथील एका फेडरल, म्हणजे केंद्रीय, अपील न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये लॉ क्लार्क म्हणून काम केले आहे. क्लार्क म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नाझरच्या टेबलाशेजारी बसणारा कारकून येतो. परंतु तिकडे न्यायाधीशाला प्रकरणे अभ्यासायला मदत करणाऱ्या या पदासाठी उत्तमोत्तम विद्यार्थ्यांची चढाओढ लागते. तिसऱ्या दिवशी, चहा घेता घेता, तिने मला विचारले, "आत्या, तुला कधी हायकोर्टाची जज व्हावंसं वाटलं नाही का?" त्या वेळी मी "चहा गार होतोय बघ" एवढेच म्हणाले. प्रश्न मात्र मनातून गेला नाही, आणि त्याचे नीट उत्तर द्यावे म्हणून हे लिहीत आहे.

कागदावर पाहिले तर माझ्यात काहीच उणे नाही. राज्यघटनेच्या कलम २१७ प्रमाणे उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यासाठी भारताचे नागरिकत्व आणि दहा वर्षांची वकिली किंवा दहा वर्षांचा न्यायिक पदाचा अनुभव पुरेसा असतो. मी १९९८ साली सनद घेतली, म्हणजे २००८ सालीच मी पात्र झाले. अशी पात्र माणसे आमच्या बार रूममध्ये शेकड्याने आहेत.

अमेरिकेत तर कागदावरची पात्रताच नाही, हे ऐकून मला प्रथम खरे वाटले नाही, म्हणून मी त्यांच्या राज्यघटनेचा तिसरा अनुच्छेद स्वतः वाचून काढला. अध्यक्षासाठी वयाची आणि जन्मसिद्ध नागरिकत्वाची अट आहे, सिनेटरसाठी आहे, पण फेडरल न्यायाधीशासाठी वय, नागरिकत्व, अनुभव, इतकेच काय कायद्याची पदवीसुद्धा तेथे सांगितलेली नाही. रॉबर्ट जॅक्सन हे १९४१ ते १९५४ या काळात त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते आणि न्यूरेंबर्गच्या खटल्यात त्यांनी अमेरिकेच्या वतीने काम चालवले. त्यांच्याकडे कायद्याची पदवी नव्हती. अध्यक्षाने नाव सुचवायचे, सिनेटने संमती द्यायची, आणि मग वर्तन चांगले असेपर्यंत, म्हणजे व्यवहारात तहहयात, त्या पदावर राहायचे, एवढीच घटनेची व्यवस्था आहे. पगार कमी करता येत नाही आणि महाभियोगाखेरीज काढून टाकता येत नाही. वयाची ६५ आणि सेवेची १५ वर्षे पूर्ण झाली की सीनियर जज होऊन कमी काम घेता येते आणि मूळ जागा नव्या माणसासाठी मोकळी होते. निवृत्तीची सक्ती मात्र नाही. आपल्याकडे उच्च न्यायालयात बासष्टाव्या वर्षी पद सोडावे लागते.

अट नाही म्हणून कोणीही त्या खुर्चीवर बसतो असे मात्र नाही, कारण घटनेने जे सांगितले नाही ते रूढीने काटेकोरपणे ठरवून टाकले आहे. चार वर्षांची पहिली पदवी, तीन वर्षांचे लॉ स्कूल, तेथे असतानाच विद्यार्थ्यांनी चालवलेल्या लॉ रिव्ह्यूचे, म्हणजे कायदेविषयक नियतकालिकाचे, संपादन, मग एक-दोन वर्षे न्यायाधीशाकडे क्लार्कशिप, आणि त्यानंतर पंधरा-वीस वर्षे सरकारी वकिली, मोठ्या फर्ममधील वकिली, अध्यापन किंवा खालच्या न्यायालयातील न्यायदान, अशी ती वाट सर्वसाधारणपणे असते. जागा रिकामी झाली की व्हाइट हाउसमधील वकील नावांचा शोध घेतात, त्या राज्यातील सिनेटरांचे मत कानावर घेतात, एफबीआय चौकशी करते, आणि सिनेटची न्यायविषयक समिती एक लांबलचक प्रश्नावली पाठवते, जिच्यात प्रत्येक नोकरी, प्रत्येक लेख आणि स्वतः चालवलेली दहा सर्वांत महत्त्वाची प्रकरणे लिहून द्यावी लागतात. त्या दहा प्रकरणांची गोष्ट मला विशेष भावली. अमेरिकन बार असोसिएशनची समितीही १९५३ पासून उमेदवारांबद्दल मत देत आली आहे. किमान बारा वर्षांचा अनुभव असावा अशी तिची अपेक्षा असते, आणि उमेदवाराच्या सोबत किंवा विरुद्ध उभे राहिलेल्या वकिलांशी ती खासगीत बोलते.

या वाटेचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे न्यायाधीश श्री श्रीनिवासन (यातले श्री हे त्यांचे नावच). १९६७ साली चंदीगडमध्ये जन्मलेला आणि कॅन्सासमधील लॉरेन्स या गावात वाढलेला हा मुलगा स्टॅनफर्डला शिकला, चौथ्या सर्किटमध्ये, म्हणजे चौथ्या विभागाच्या अपील न्यायालयात, न्यायमूर्ती विल्किन्सन यांच्याकडे आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांच्याकडे क्लार्क होता, पुढे सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणाऱ्या सॉलिसिटर जनरल कार्यालयात वरच्या पदापर्यंत गेला आणि मे २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयासाठी सिनेटने त्याला ९७ विरुद्ध शून्य मतांनी संमती दिली. २०२० पासून ते त्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आहेत. त्यांच्या शेजारी अमूल थापर यांचे नाव ठेवावे लागेल. ते केंटकीत सरकारी वकील होते, २००८ पासून तेथेच जिल्हा न्यायाधीश होते आणि २०१७ मध्ये सहाव्या सर्किटवर गेले, तेव्हा मते पडली ५२ विरुद्ध ४४. चार वर्षांत एकमताची जागा पक्षाच्या रांगेने घेतली, हे मला चिंताजनक वाटते. न्यायाधीशाच्या गुणवत्तेबद्दल ते आकडे काहीच सांगत नाहीत.

अमेरिकेत अशी तेरा फेडरल अपील न्यायालये आहेत आणि त्यांत न्यायाधीशांच्या १७९ जागा आहेत. दरवर्षी हजारो अपिले त्यांच्यापुढे येतात आणि सर्वोच्च न्यायालय वर्षाकाठी साठ-सत्तर प्रकरणेच सविस्तर ऐकते, त्यामुळे बहुतेक पक्षकारांसाठी शेवटचा शब्द तेथील तीन न्यायाधीशांचाच असतो. या न्यायाधीशांसमोर साक्षीदार कधी उभा राहत नाही. त्यांच्यापुढे असतो तो फक्त कागद, आणि अनेक अपिले तर तोंडी युक्तिवाद न ऐकताच निकाली निघतात. माझ्या भाचीने तेथील एकाही प्रकरणाबद्दल अवाक्षर काढले नाही, आणि त्याबद्दल मला तिचे कौतुक वाटते. पण कामाची पद्धत तिने सांगितली. सुनावणीच्या आधी न्यायाधीशांसाठी एक टिपण तयार करायचे, त्यात वस्तुस्थितीच्या प्रत्येक वाक्यापुढे रेकॉर्डचा पान क्रमांक द्यायचा, आणि पान क्रमांक नसलेले वाक्य न्यायाधीश लाल शाईने खोडत असत. वर्षभर हे केल्यावर तिला रेकॉर्ड वाचता येऊ लागले, असे ती म्हणाली.

ते वाक्य ऐकून मी तिच्यापुढे एक जुनी फाईल ठेवली. सोलापुरात साक्ष कशी लिहिली जाते हे बाहेरच्या माणसाला सांगावे लागते. पूर्व भागातील विडी कामगार बाई तेलुगूत बोलते, अक्कलकोटकडचा शेतकरी कन्नडमध्ये बोलतो, दुभाषी त्याचे मराठी करतो, न्यायाधीश ते स्टेनोला सांगतात आणि अपील मुंबईला गेले की त्याच मराठीचे इंग्रजी होते. त्या खटल्यात मी आरोपीच्या बाजूने होते. एका विडी कामगार बाईने सरतपासात सांगितलेले वाक्य मराठीत "आरोपीने मयताला बाजूला सारले" असे उतरले होते, आणि ती बोलत असताना तिने डाव्या हाताने पदर सारावा तसा हात हलवला होता, हे मला आजही दिसते. पुढे अपिलात समोरच्या पक्षाने खासगीरीत्या तयार करून घेतलेल्या पेपरबुकात, म्हणजे अपिलाच्या कागदपत्रांच्या संचात, मात्र त्या वाक्याचे इंग्रजी "जोराने ढकलून दिले" या अर्थाचे झाले होते. तेथे आमची बाजू मांडणाऱ्या मुंबईच्या सीनियर वकिलांचा संध्याकाळी फोन आला, मी सहीशिक्क्याची नक्कल पिशवीत घालून त्याच रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली, आणि दुसऱ्या दिवशी मूळ मराठी वाक्य न्यायालयात वाचले गेले म्हणून ती चूक दुरुस्त झाली. ते वाचले सीनियरांनी. मी मागच्या रांगेत बसले होते, आणि त्या बाईचा हात कसा हलला हे तेथे मला विचारण्याचे कोणाला कारण नव्हते.

"आत्या, मग तिथे तुझं नाव कुठे आलं?" भाचीने विचारले. निकालपत्रावर सीनियरांचे नाव होते आणि ते रास्तच होते, कारण उभे तेच राहिले होते. तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते यातच आहे. आपल्याकडे उच्च न्यायालयासाठी नाव निघते ते त्या न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि त्यांचे दोन ज्येष्ठ सहकारी यांच्याकडून, मग राज्य सरकार, केंद्र सरकार, सर्वोच्च न्यायालयाचे कॉलेजियम (ज्येष्ठ न्यायाधीशांचे मंडळ) आणि राष्ट्रपती असा त्याचा प्रवास होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालाने न्यायाधीशांच्या मताला प्राधान्य मिळाले, आणि त्याऐवजी आणलेला नियुक्ती आयोग २०१५ मध्ये रद्द झाला. ही पद्धत चूक की बरोबर यावर पुष्कळ लिहिले गेले आहे; मला त्यात एवढेच दिसते की नाव सुचवणाऱ्यांनी तुमचे काम पाहिलेले असावे लागते. ४०० किलोमीटरवरच्या मुफस्सल, म्हणजे जिल्ह्याच्या गावातल्या, वकिलाचे काम त्यांनी पाहावे कधी? अमेरिकेत पंचविशीतला हुशार पदवीधर थेट अपील न्यायाधीशाच्या शेजारच्या खोलीत बसतो, आणि त्या खोलीतून पुढच्या साऱ्या शिफारशी निघतात. तेथेही हे दार काही ठरावीक लॉ स्कूलच्या मुलांनाच अधिक सहज उघडते, ही माझ्या भाचीची तक्रार आहे आणि ती मला पटते.

सोलापूरचे नाव या क्षेत्रात अगदीच नाही असे नाही. भारताचे एकोणपन्नासावे सरन्यायाधीश उदय लळीत यांचे घराणे सोलापूरचे. त्यांचे आजोबा येथेच वकिली करत. स्वतः उदय लळीत २०१४ साली वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयात गेले, परंतु ती वकिली मुंबईची आणि दिल्लीची होती. त्यांचे वडील मुंबई उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायाधीश होते आणि आणीबाणीच्या काळात त्यांना कायम करण्यात आले नाही. अतिरिक्त न्यायाधीशाची नेमणूक जास्तीत जास्त दोन वर्षांची असते, आणि कायम करणे न करणे दुसऱ्याच्या हातात असते. अमेरिकेच्या तहहयात नेमणुकीवर कितीही टीका होवो, तेथील अपील न्यायाधीश निकाल लिहिताना पुढच्या नेमणूकपत्राची वाट पाहत नसतो, हे मी त्या व्यवस्थेचे सर्वांत मोठे बळ समजते.

खालच्या न्यायालयातून वर जाण्याची वाटही आहे, आणि दोन्ही देशांतील पहिल्या स्त्रिया त्याच वाटेने गेल्या. फ्लॉरेन्स ॲलन ओहायोत सरकारी वकील होत्या, १९२० साली त्या तेथील खटला न्यायालयावर निवडून आल्या, १९२२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर, आणि १९३४ साली रूझवेल्ट यांनी त्यांना सहाव्या सर्किटवर नेमले. आपल्या अण्णा चांडी त्रावणकोरमध्ये १९३७ साली मुन्सफ झाल्या आणि १९५९ साली केरळ उच्च न्यायालयात पोहोचल्या. दोघींनीही वरच्या न्यायालयात कागद वाचण्याआधी अनेक वर्षे साक्षीदारांचे चेहरे समोर पाहिले होते. अपील न्यायाधीशासाठी मला एकच अट घालायला सांगितली तर मी हीच घालीन.

आमच्या बाजूने आता एक गोष्ट बदलली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सोलापूरसह सहा जिल्हे त्याला जोडले गेले. त्यासाठी या जिल्ह्यांतील वकिलांनी चार दशकांहून अधिक काळ मागणी लावून धरली होती. मोर्चे काढले, कामापासून अलिप्त राहिले, आणि त्या मोर्चांत चाललेले कित्येक ज्येष्ठ हा दिवस पाहायला राहिले नाहीत. भाचीला सर्किट हा शब्द ऐकून नवल वाटले. तिकडे १७८९ च्या कायद्याप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश घोड्यावरून आणि बग्गीतून गावोगाव फिरून खटले चालवत, म्हणून ते सर्किट; १८९१ साली स्वतंत्र अपील न्यायालये झाली, फिरती संपली आणि नाव तेवढे राहिले. आपल्याकडे शब्दाचा जुना अर्थ अजून जिवंत आहे: न्यायमूर्ती लोकांच्या जवळ येऊन बसतात.

नोव्हेंबरात माझी ज्युनिअर प्रथमच तेथे एकटी उभी राहिली. पहाटे निघून मंगळवेढा, सांगोला, मिरज करत ती बोर्ड सुरू होण्याआधी पोहोचली. समोरच्या वकिलांनी साक्षीदाराच्या उत्तराचा एक अर्थ सांगितला, तेव्हा तिने फाईल न उघडता "निशाणी ३४, उलटतपासाचा चौथा परिच्छेद" असे सांगून मूळ मराठी वाक्य म्हणून दाखवले, कारण तो उलटतपास तिनेच घेतला होता. न्यायमूर्तींनी पान काढून पाहिले, वाक्य वाचले आणि तिला विचारले, "आपण प्रॅक्टिस कुठे करता?"

तिने सांगितले, "सोलापूरला."