सागवानी टीपॉय: टॉपची छिद्रं कशानं भरायची

टीपॉयचं सुतारकाम संपलं. टॉप जुन्या सागाचा, वाड्याच्या तुळईतून चिरून काढलेल्या फळ्यांचा, पाय शिसवीचे. टॉप १८० नंबरच्या कागदापर्यंत घासून थांबलोय. पुढं घासत बसण्यात अर्थ नाही. साग दर हंगामाच्या सुरुवातीला जाड नळ्या तयार करतो, फळी चिरताना त्या उभ्या कापल्या जातात आणि पृष्ठभागावर उघड्या पन्हळी राहतात, हीच ती छिद्रं. कागद ४०० चा घ्या नाहीतर ६०० चा, पन्हळ जागची हलत नाही. वर नुसतं पॉलिश चढवलं तर ते सुकताना आकसून पन्हळीत बसतं आणि तिरप्या उजेडात सगळा टॉप ओरखडल्यासारखा दिसतो. हळदूसारख्या गच्च लाकडाला ही कटकटच नसते.

नव्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो. खिळ्याच्या भोकात भरतात ती लांबी (पुट्टी) वेगळी. ती घट्ट, थापायची. छिद्रं भरायचा फिलर सायीइतका पातळ लागतो, नाहीतर तो नुसता वरच बसतो.

सागावरचे फिलरचे नमुने त्याच तुळईच्या उरलेल्या तुकड्यांवर केले. दुसऱ्या सागावरचा निकाल इथं उपयोगाचा नाही, जुन्या लाकडाचा रंगच वेगळा.

पॉलिशवाल्यांची रीत म्हणजे खडूची पावडर, त्यात पिवडी आणि गेरू, कालवायला स्पिरिटमधली लाख. स्वस्त, झटपट, घासायला मऊ. पण लाख कमी पडली की सुकल्यावर छिद्रांत फिकट ठिपके उमटतात. इंग्लंडमध्ये व्हिक्टोरियन काळात प्लास्टर ऑफ पॅरिस भरून पॉलिश केलेल्या फर्निचरवर आज असेच पांढुरके ठिपके दिसतात. तेव्हा रंग सढळ हातानं घालायचा. फिलर लाकडापेक्षा गडद असलेला चालतो, फिका कधीच नाही.

पाण्यावरचा तयार फिलर बिनवासाचा आणि लवकर सुकणारा. मात्र पाण्यानं लाकडाचे तंतू उभे राहतात आणि फिलर आकसतो, म्हणजे दोनदा भरणं आलंच. फ्लॅटमध्ये काम करणाऱ्यांनी हाच घ्यावा.

सगळ्यात देखणा निकाल प्युमिसच्या (ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाच्या) पुडीचा, तोही शिसवीच्या तुकड्यावर. लाखेच्या बोळ्यानं पूड घोळवत गेलं की ती लाकूड किंचित खरवडते आणि तो भुसा, पूड, लाख असं मिळून छिद्रात बसतं. प्युमिस आणि लाख दोघांचाही अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं प्रमाण, १.५ च्या आसपास, त्यामुळे पूड दिसेनाशी होते आणि शिसवीचा स्वतःचाच रंग उरतो. सागाच्या पन्हळी मात्र भरता भरता खांदा भरून येतो.

टॉपसाठी निवडला तेलातला फिलर: बारीक सिलिका, डबल बॉइल्ड जवस तेल, टर्पेंटाइन आणि रंगाला बर्न्ट अंबर ही गडद तपकिरी पूड. आधी पातळ लाखेचा एक हात मारला, म्हणजे अंबर फक्त छिद्रांत राहतो, बाकीचा साग सोनेरीच दिसतो. ही लाख मेणविरहित हवी, कारण वर पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) येणार आहे आणि मेणावर ते नीट धरत नाही. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बरणी न हलवता ठेवली की मेण तळाशी बसतं. वरचं नितळ तेवढं ओतून घ्यायचं. शेवटचा थरही लाखेचाच ठेवावा असा मोह होता, पण चहाचा गरम कप तिच्यावर पांढरं वर्तुळ उठवतो. टीपॉयवर कप येणारच.

फिलर ब्रशनं लावून प्लास्टिकच्या पट्टीनं तिरका ओढला. ओली चमक मंदावली की गोणपाटानं लाकडाच्या रेघांना आडवं पुसायचं. उभं पुसलं तर पन्हळीतला माल बाहेर येतो. मऊ सुती फडकंही तेच करतं, म्हणून गोणपाट. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवस तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. मोकळे पसरून वाळवा, मगच फेका.

सध्या टॉप सुकतोय आणि हवा दमट आहे. सागाच्या अंगच्या तेलामुळे तेलाचं काहीही त्यावर सावकाश सुकतं, त्यामुळे डब्यावर लिहिलेल्या तासांवर विसंबलेलो नाही. कोपऱ्यात ३२० चा कागद फिरवून बघतो: कोरडी पूड पडली तर पुढं जायचं, कागद चिकटला तर थांबायचं. तूर्त चिकटतोय. सुकला की पुन्हा एक हात लाखेचा, मग पीयू.

पायांची छिद्रं भरणार नाही. शिसवीला नुसतं तेल देऊन रेघा उघड्या ठेवतोय. चौकोनी पायांच्या कडांशी बोळा फिरवत प्युमिस घोळवण्याइतका संयम माझ्यात नाही.