तह नको म्हणे!

कॉम्प्युटर गेममध्ये बादशहाकडे शेवटचा एक प्रांत उरलाय, तिजोरीत खडखडाट, मी तहासाठी वर पैसे द्यायला तयार आणि तरी स्क्रीनवर तेच, प्रस्ताव अमान्य. अरे कशाच्या जोरावर?

मग काय, घातला वेढा. तिथे वेगळीच तऱ्हा. तोफांनी दरवाजा उडवला, आत जायचा रस्ता मोकळा, आणि माझं पायदळ शेजारीच दोर टाकून भिंत चढतंय! एकेक करून, शिस्तीत, वरून गोळ्या खात. क्लिक करून बोट दुखलं पण ऐकतील तर शपथ.

गेम अठराव्या शतकातला, मराठे घेऊन खेळता येतं म्हणून तर घेतला. पण यात सैन्याला भूकच लागत नाही हो. १७२८ ला पालखेडला बाजीरावाने निजामाची रसद आणि पाणी तोडलं, मोठी लढाई न होताच निजाम मुंगी-शेवगावच्या तहाला आला. इथे ते शक्यच नाही, समोरासमोर रांगा लावा आणि मरा. चौथाई-सरदेशमुखीचं तर नावच नको.

रसद तोडता येते असा कुठला गेम आहे का? लॅपटॉप जुना आहे, हलकाच सांगा.